'गोएड' म्हणणाऱ्या पोरीचं काय चुकलं?

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधून एक चक्कर मारली, तर या वस्तीचं नाव पाट्यांवर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. कुठे 'सिविल लाइंस', कुठे 'सिविल लाईन', कुठे 'सिविल लाइन्स'. मराठी माणूस लिहील तर 'सिव्हिल लाइन्स' लिहील. यातलं कुठलं बरोबर यावरून कुणाची नोकरी अडली नाही, की कुणाचं टपाल परत गेलं नाही. पण हेच नाव रोमन अक्षरांत लिहिताना सुरुवातीच्या 'सी'च्या जागी कुणी 'एस' घातला, की वाचणारा हसतो. हसता हसता लिहिणाऱ्याची शाळा, बापाचा धंदा आणि जात, तिन्हींचा अंदाज बांधून मोकळा होतो.

आवाज 'स'चा, म्हणून 'एस' लिहिला. ज्याने असं लिहिलं त्याने डोकं वापरलं. ज्याने 'सी' लिहिला त्याला ते माहीत होतं. डोकं वापरणं आणि माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या देशात दुसरीला पहिलीचं नाव देऊन 'मेरिट' म्हणतात. इंग्रजीतली अनियमित रूपं आणि अनियमित स्पेलिंग यांवरून माणसाची अक्कल मोजणं म्हणजे त्याच्या आजोबांच्या घरातलं पुस्तकांचं कपाट मोजणं. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे.

माझे आजोबा अकोल्याकडून जबलपूरच्या गन कॅरिज फॅक्टरीत कामाला आले. इंग्रजांनी १९०४ साली सुरू केलेला हा तोफगाड्यांचा कारखाना. तेव्हापासून आमच्या घरात वऱ्हाडी, गल्लीत बुंदेली वळणाची हिंदी आणि शाळेच्या फळ्यावर इंग्रजी असा तीन भाषांचा संसार चालू आहे. गेली काही वर्षं मी सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांच्या मागच्या आउटहाउसमध्ये राहणाऱ्या मुलामुलींना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. त्यांच्या आया बंगल्यांत स्वयंपाक आणि धुणीभांडी करतात. वडील माळी, ड्रायव्हर, चौकीदार, सफाई कामगार. इंग्रज अमदानीत छावणी शिपायांची आणि सिव्हिल लाइन्स साहेबांची असायची. साहेब गेले, बंगले राहिले आणि बंगल्यामागच्या खोल्याही राहिल्या. बंगल्यातलं आणि मागच्या खोलीतलं अंतर वीस पावलांचं असेल. इंग्रजीच्या बाबतीत ते तीन पिढ्यांचं आहे.

आमच्या वर्गातून पुढे गेलेली एक मुलगी मध्यंतरी एका खासगी शाळेत मुलाखतीला गेली होती. पद सहायक शिक्षिकेचं, लहान मुलांसाठी. अनुभव विचारल्यावर तिने सांगितलं की दोन वर्षं आपण वस्तीतल्या मुलांना शिकवलं आहे. ते सांगताना 'टॉट' म्हणायच्या जागी ती 'टीच्ड' म्हणाली. समोरच्या तिघांपैकी एकाने तो शब्द मोठ्याने परत उच्चारला आणि बाकीचे दोघं हसले. पुढचा प्रश्न आलाच नाही. ती मुलांना कशी शिकवते, रडणाऱ्या पोराला कशी शांत करते, बेरीज समजावताना काय वापरते, यातलं काही कुणी विचारलं नाही. दोन वर्षांचं काम एका क्रियापदाच्या भूतकाळात बुडालं.

नियम पाळला, ही चूक?

'वॉक'चं 'वॉक्ड', 'कुक'चं 'कुक्ड', 'वॉश'चं 'वॉश्ड'. हा नियम त्या मुलीला शाळेनेच शिकवला होता. तो 'टीच'ला लावून तिने 'टीच्ड' केलं. म्हणजे नियम तिला येत होता आणि तो नव्या जागी वापरण्याची बुद्धीही तिच्याकडे होती. तिला फक्त हे माहीत नव्हतं की या जागी नियम चालत नाही.

लहान मुलं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीच कळली आहे. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकी अभ्यासिकेने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याला 'वग' असं नाव दिलं. हा शब्द कुठल्याच कोशात नव्हता, कुठल्याच मुलाने ऐकलेला नव्हता. दोन प्राणी दाखवल्यावर मुलांनी न अडखळता त्याचं अनेकवचन करून सांगितलं. म्हणजे मुलं पोपटासारखी ऐकलेलं परत बोलत नाहीत. ती ऐकलेल्यातून नियम काढतात. इंग्रज घरातलं मूलसुद्धा आधी 'वेन्ट' म्हणतं, मग नियम उमगला की काही काळ 'गोएड' म्हणू लागतं आणि पुढे पुन्हा 'वेन्ट'वर येतं. अभ्यासकांच्या लेखी 'गोएड' ही प्रगतीची खूण आहे. लंडनमधल्या तीन वर्षांच्या पोराने 'गोएड' म्हटलं तर आईबाप कौतुकाने हसतात. आउटहाउसमधली वीस वर्षांची मुलगी 'टीच्ड' म्हणाली तर तिच्यामागे दार बंद होतं. नियम लावणारं डोकं दोघांचं सारखंच चाललेलं असतं.

'बी' कुणी घातला?

इंग्रजीतल्या विचित्र स्पेलिंगांना काही खोल कारण असेल असं मुलांना वाटतं. कारण आहेच, पण ते इतिहासात सापडतं. 'नाइट' म्हणजे रात्र, यात 'जी-एच' कशाला? कारण एके काळी तिथे घशातून काढलेला, आपल्या 'ख'च्या जवळचा आवाज होता. जर्मन भाषेत तो 'नाख्ट'मध्ये अजून आहे. इंग्रजांनी तो उच्चारणं सोडलं, पण तोवर अक्षरं कागदावर बसली होती. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना घातला, आणि छापलेली रूपं हळूहळू पक्की होत गेली. त्याच शतकांत इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार सरकत होते. तोंड पुढे गेलं, कागद मागे राहिला. म्हणून 'दो', 'थ्रू', 'टफ' आणि 'कॉफ' या चार शब्दांच्या शेपटीला 'ओ-यू-जी-एच' ही एकच चार अक्षरं आणि उच्चार चार.

काही स्पेलिंगं तर मुद्दाम अवघड केली गेली. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. पुढे पंडितांना वाटलं की या शब्दाचं मूळ लॅटिन 'डेबिटम', तर ते कुळ शब्दात दिसलं पाहिजे. त्यांनी मध्ये 'बी' बसवला. तो कुणीही कधी उच्चारत नाही. 'आयलंड'मधला 'एस' याहून गमतीचा. तो लॅटिन 'इन्सुला'शी नातं दाखवायला घातला, आणि मुळात ते नातंच नव्हतं. 'आयलंड' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. खोटी वंशावळ जोडून त्याला उच्च कुळात घेतलं, आणि पाचशे वर्षांनंतर जबलपूरच्या आउटहाउसमधली पोर तो 'एस' विसरली म्हणून तिचा अर्धा मार्क कापला जातो.

शब्दाला प्रतिष्ठा हवी तर त्याचं कुळ वरच्या भाषेत दाखवा, हा खेळ आपल्याला नवा आहे का? आपल्याकडे लॅटिनच्या जागी संस्कृत आहे, एवढाच फरक. त्याकडे पुढे येते.

कानावर पडण्याचा हक्क

इंग्रजीत आज सुमारे १८० अनियमित क्रियापदं आहेत. हजारो क्रियापदांत ही संख्या किरकोळ वाटते. पण सगळ्यांत जास्त वापरली जाणारी क्रियापदं पाहा: असणं, जवळ असणं, करणं, म्हणणं, बनवणं, जाणं, घेणं, येणं, पाहणं, मिळणं. या अर्थाची दहाही इंग्रजी क्रियापदं अनियमित आहेत. तोंड उघडलं की पहिल्याच वाक्यात यातलं एखादं येतं. नियमाने चालणारी क्रियापदं आत वाट पाहत असतात आणि दारात अनियमितांचा पहारा असतो.

असं का झालं, याचं उत्तर २००७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात मिळतं. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेऊन संशोधकांनी त्यांचा हजार वर्षांहून अधिक काळाचा प्रवास पाहिला. त्यांपैकी आज ९८ अनियमित उरली आहेत, बाकीची नियमाला शरण गेली. 'हेल्प'चं भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' होतं, आता 'हेल्प्ड' आहे. जे क्रियापद कमी वापरात ते लवकर नियमित झालं आणि जे रोज शंभरदा कानावर पडतं ते तसंच राहिलं. अनियमित रूप फक्त कानावर जगतं. ऐकणं थांबलं की ते मरतं.

आता हेच शिकणाऱ्याच्या बाजूने बघा. जे फक्त ऐकून टिकतं ते फक्त ऐकूनच सहज येतं. आपल्याला 'जा'चं 'गेला', 'ये'चं 'आला', 'कर'चं 'केला', 'मर'चं 'मेला' होतं, हे कुणी पाठ करून घेतलं होतं का? आईच्या तोंडून हजारदा ऐकलं आणि बसलं. ज्या घरात आजोबा इंग्रजीत पत्र लिहीत, आई फोनवर इंग्रजीत बोलते, झोपताना इंग्रजी गोष्ट वाचली जाते, त्या घरातल्या मुलाला 'टॉट' आणि 'वेन्ट' असेच आयते मिळतात. ते मूल हुशार असेल किंवा नसेल, 'टॉट'वरून काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच, की त्याने ते ऐकलं.

कोण काय ऐकू शकतो, हा प्रश्न या देशात नेहमीच जातीचा प्रश्न राहिला आहे. वेदांना 'श्रुती' म्हणतात, म्हणजे ऐकलेलं. ते शूद्राच्या कानावर पडलं तर त्याच्या कानात वितळलेलं शिसं किंवा लाख ओतावी असं गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलं आहे. आज कुणी शिसं ओतत नाही. आज बंगल्यातल्या दिवाणखान्यात इंग्रजी बोललं जातं आणि धुणं धुणारी बाई मागच्या दाराने येते-जाते. तिच्या पोरीच्या कानावर काय पडावं हे त्या मागच्या दाराने ठरवलेलं असतं. मग परीक्षेत त्या पोरीला विचारलं जातं, तू ऐकलं होतंस का?

२०१९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय 'स्पेलिंग बी' स्पर्धेत आठ मुलं संयुक्त विजेती ठरली. त्यांतली सात भारतीय वंशाची. आपल्याकडे 'भारतीय बुद्धिमत्तेचा विजय' म्हणून पेढे वाटल्यासारखी चर्चा झाली. त्या मुलांनी कष्ट केले, यात शंका नाही. पण १९६५ नंतर अमेरिकेने ज्यांना दार उघडलं त्यांत डॉक्टर, इंजिनिअर आणि प्राध्यापकांचा मोठा भरणा होता, आणि भारतातून तिथवर पोचलेले बहुतेक जण इथल्या शिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या पुढे असलेल्या घरांतले होते, हे त्या चर्चेत आलं नाही. चाळून घेतलेल्या धान्याचं पीक पाहून शेताचं कौतुक करायचं, तर आधी चाळणी कुणाच्या हातात होती हे विचारायला हवं.

पानी आणि पाणी

इंग्रजीला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ नये म्हणून आता घरातलं सांगते.

माझी आजी 'पानी' म्हणायची. जबलपुरात तिला कुणी हसलं नाही, कारण हिंदीत 'पानी' हेच शुद्ध. तीच आजी पुण्यात एका लग्नाला गेली तेव्हा 'पानी' आणि 'मले' ऐकून मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तोंड तेच, आवाज तोच, ग्लासातलं पाणी तेच. नर्मदेच्या काठी जे शुद्ध, ते मुठेच्या काठी गावंढळ. मग शुद्धता शब्दात असते की ऐकणाऱ्याच्या खुर्चीत?

लेखनाचंही तसंच. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्यातला एक नियम सांगतो, शब्दाच्या शेवटी 'अ' असेल तर त्याआधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहा: वकील, गरीब, फूल, खूण. सोपं आहे. पण लगेच अपवाद येतो, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ संस्कृताप्रमाणे लिहा. म्हणून 'वीस' दीर्घ आणि 'विष' ऱ्हस्व. 'खूण' दीर्घ आणि 'गुण' ऱ्हस्व. 'फूल'चं 'फुलाला' होतं, पण 'रूप'चं 'रूपाला' राहतं. 'कवी' दीर्घ, पण 'कविता' आणि 'कविवर्य' ऱ्हस्व. नियम कुठे लागू करायचा हे कळायला शब्द संस्कृत आहे की नाही हे आधी माहीत हवं. इंग्रजीतला 'डेट'चा 'बी' आणि मराठीतला 'विष'चा ऱ्हस्व 'वि' हे एकाच गोत्राचे. दोघंही विचारतात, तुझ्या घरात वरची भाषा होती का?

आणि ती कुणाच्या घरात होती? मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकताना बाबासाहेबांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या जिद्दीने शिकले. आधी दार लावायचं, मग आतलं सामान ओळखता आलं नाही म्हणून मार्क कापायचे, अशी ही पद्धत आहे.

जोतीरावांच्या वाट्याला हेच आलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेतला तेव्हा त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. 'गुलामगिरी'सारख्या पुस्तकाने १८७३ साली जो सवाल उभा केला होता, त्याला उत्तर देण्यापेक्षा लिहिणाऱ्याच्या व्याकरणाकडे बोट दाखवणं सोपं होतं. आज दीडशे वर्षांनीही आपल्या एखाद्या पोराने फेसबुकवर अत्याचाराबद्दल लिहिलं की पहिली प्रतिक्रिया येते, 'आधी शुद्ध लिहायला शिका'. त्या प्रतिक्रियेचे पणजोबा 'निबंधमाले'त भेटतात.

इंग्रजी नको, असं कोण म्हणतं?

इथे काही मंडळी खूश होऊन म्हणतील, बघा, म्हणूनच सांगतो, इंग्रजी सोडा, मातृभाषेत शिका. त्यांना माझा जयभीम आणि एक प्रश्न: तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत?

इंग्रजी आम्हाला हवीच आहे. सावित्रीमाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याची हाक दिली. 'गुलामगिरी'ला जोतीरावांनी इंग्रजीतही प्रस्तावना लिहिली. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं तेही इंग्रजीत, आणि त्यात रयतेच्या घामाच्या पैशांवर वरच्या वर्गाची मुलं शिकतात याचा हिशेब मांडला. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने दलितांनी 'इंग्रजी देवी'च्या मंदिराची पायाभरणी केली, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. बुद्धाच्या वाटेने चालणाऱ्या मला देवी मान्य नाही, पण त्या मंदिरामागची भूक मला ओळखू येते.

आमच्यातलेच काही ज्येष्ठ दुसऱ्या टोकाने बोलतात. ते म्हणतात, बाबासाहेबांसारखी इंग्रजी शिका, म्हणजे कुणाची हसायची हिंमत होणार नाही. शिकायलाच हवं. मी रोज संध्याकाळी तेच करते. पण बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ते तिथल्या ग्रंथालयांत दिवस दिवस बसले. वेळ, पुस्तकं आणि शिष्यवृत्ती यांतलं काहीही न देता आउटहाउसमधल्या पोरीकडून बाबासाहेबांच्या इंग्रजीची अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि बाबासाहेबांच्या कष्टांचाही अपमान आहे. शिवाय, उत्तम येईपर्यंत हसून घ्यायचं, असा करार आपण कधी केला?

सरकारचं धोरण पाहिलं तर ते दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. आमच्या जबलपुरातल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयात हिंदी वापरायला १९७१ सालीच मंजुरी मिळाली. पण हिंदीत दिलेल्या निकालालाही इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तकं मोठ्या गाजावाजात प्रकाशित झाली. त्यांत इंग्रजी वैद्यकीय संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या आहेत. माझ्या मते हा शहाणपणा आहे. शरीराच्या अवयवाचं नाव ओळखता आलं, त्याचं काम समजलं, मग रोमन स्पेलिंगमधलं एखादं मुकं अक्षर राहिलं तर रुग्णाचं काय बिघडतं? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून इंग्रजी आकलनाचे प्रश्न आले. त्यावर रस्त्यावर आंदोलन झालं तेव्हा कुठे २०१४ मध्ये ते गुण गुणवत्तेत धरायचे नाहीत असं सरकारने जाहीर केलं. म्हणजे इंग्रजीच्या मार्कांवरून अधिकाऱ्याची लायकी ठरत नाही, हे सरकारलाही मान्य करावं लागलं. फक्त त्यासाठी आधी पोरांना लाठ्या खाव्या लागल्या.

मग ती अक्षरं काढत का नाहीत?

'नाइट'मधला 'जी-एच' आता कुणी बोलत नाही, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "दीदी, मग काढून का नाही टाकत?" याहून चांगला प्रश्न मला एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता.

काढता येतात, हे अमेरिकेने दाखवलं आहे. नोआ वेब्स्टरने १८२८ साली मोठा कोश काढला आणि 'कलर'मधला 'यू' उडवला, 'सेंटर'च्या शेवटची दोन अक्षरं उलटी केली. त्याने याहून पुढच्या सूचनाही केल्या होत्या. जीभ या अर्थाच्या 'टंग'चं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे 'टी-यू-एन-जी' करावं, ही त्यातली एक. ती चालली नाही. जी चालली ती का चालली? एका नव्या स्वतंत्र देशाला इंग्लंडहून वेगळं दिसायचं होतं, म्हणून. 'कलर'मध्ये 'यू' न लिहिणाऱ्या अमेरिकनाला आज कुणी अडाणी म्हणत नाही. सत्ता असली की चुकीला 'अमेरिकन स्पेलिंग' म्हणतात, सत्ता नसली की 'तुमच्या लोकांची इंग्रजी' म्हणतात.

आमच्या शहराचंच उदाहरण घ्या. 'ठगी'चा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन इथे होता. ठगांच्या बोलीचा कोश त्याने १८३६ साली छापला. त्याच्या काळात या शहराचं नाव इंग्रजीत 'जब्बलपोर' अशा थाटात, दोन 'बी' घालून आणि शेवटी 'पोर' लावून लिहिलं जायचं. इथल्या एकाही माणसाने आपल्या गावाला कधी 'जब्बलपोर' म्हटलं नसेल. पण त्या स्पेलिंगला कुणी चूक म्हटलं नाही. नकाशांवर, रेल्वेच्या कागदांवर, सरकारी गॅझेटांत तेच बरोबर होतं. राज्य गेलं तेव्हा स्पेलिंग बदललं.

तेव्हा आपल्या हातात काय आहे? राज्य हातात नाही, पण काही जागा नक्की आहेत.

पहिली जागा वर्ग. जे आपल्या मुलांना इंग्रजी शिकवतात त्यांनी अनियमित रूपं छडीने पाठ करून घेण्याऐवजी उघडी करून दाखवावीत. सर्वांत जास्त लागणारी दहा क्रियापदं आधी, रोज बोलण्यातून. मग गट: 'सिंग-सँग', 'रिंग-रँग', 'ड्रिंक-ड्रँक' एकत्र. 'टॉट', 'कॉट', 'बॉट', 'ब्रॉट', 'थॉट', 'फॉट' एकत्र. अनियमितांतही कुटुंबं असतात हे दिसलं की भीती अर्धी होते. आणि प्रत्येक मुक्या अक्षराची गोष्ट सांगावी. हा 'बी' पंडितांनी घातला, हा 'एस' चुकून आला, हे कळलं की मुलं स्पेलिंग विसरत नाहीत, आणि त्या अक्षरापुढे वाकतही नाहीत. मुख्य म्हणजे ऐकण्याची भूक भागवावी. मोबाइल आता आउटहाउसमध्येही आहे. त्यावर रील्ससोबत रोज अर्धा तास इंग्रजी गोष्ट ऐकली, तर जे बंगल्याने दिलं नाही ते थोडंफार भरून निघतं.

दुसरी जागा परीक्षा आणि मुलाखत. आपल्यातले अनेक जण आज शिक्षक आहेत, परीक्षक आहेत, बँकेत आणि कचेऱ्यांत निवड समित्यांवर बसतात. विज्ञान, इतिहास, लेखापालन यांच्या पेपरात अर्थ कळत असेल तर स्पेलिंगचे मार्क कापू नका. मुलाखतीत 'टीच्ड' ऐकू आलं तर पुढचा प्रश्न शिकवण्याबद्दल विचारा. यासाठी वरून परिपत्रक यायची गरज नाही.

तिसरी जागा मराठी. अठरा नियमांतलं संस्कृत-मराठी हे दुहेरी कुलूप काढायची मागणी जुनीच आहे. बहुजन शिक्षकांनी आणि लेखकांनी ती पुन्हा जोरात लावून धरायला हवी. सगळ्या शब्दांना एकच नियम लावा, मग शब्दाचं कूळ विचारायची गरज उरत नाही.

आणि चौथी जागा आपली स्वतःची जीभ. आपल्या समाजात आता दुसरी-तिसरी शिकलेली पिढी आहे. ती पिढी वस्तीतल्या नव्या पोरांचं इंग्रजी ऐकून जेव्हा गालात हसते, तेव्हा ती आपल्या नकळत मुलाखतीतल्या त्या तिघांच्या शेजारची चौथी खुर्ची ओढून बसते. चूक सांगायची तर सांगा, बाजूला घेऊन सांगा, कारणासह सांगा. हसू नका. आपल्या बापजाद्यांना हसणारे पुष्कळ होते, त्यात भर घालायला आपण शिकलो नाही.

ती मुलगी सध्या दुसरीकडे अर्ज करते आहे. 'टॉट' आता तिला पक्कं येतं, एका दुपारीत आलं. शिकवायला मात्र तिला आधीपासूनच येत होतं. तिच्या वर्गातली पोरं बेरीज-वजाबाकी करतात, आणि त्यांतली सगळ्यांत धाकटी परवा मला सांगत होती की ती मामाच्या गावी 'गोएड'. मी तिला आधी शाबासकी दिली, मग 'वेन्ट' सांगितलं. क्रम तोच असावा.